वही आणा, मग बोलू

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे, आणि निम्म्या पत्रांची शेवटची ओळ एकच: "ताई, माझं चुकतंय कुठे?" मी स्वतः सव्वीस वर्षं पार्लरच्या खुर्चीमागे उभी आहे. पहिली सात वर्षं घरातल्या मागच्या खोलीत काढली. एक खुर्ची, एक आरसा, आणि आरशाला तडा. तो तडा नेमका क्लायंटच्या कपाळावर यायचा, म्हणून खुर्ची वीतभर डावीकडे सरकवून ठेवायचे. तेव्हा कुणी विचारलं असतं धंदा कसा चाललाय, तर "छान" म्हटलं असतं. आकडा मात्र सांगता आला नसता. म्हणून आधीच सांगते, खालच्या बऱ्याच उत्तरांत वही येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: ताई, मी बावीस वर्षांची. घरी कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि बदामाचं तेल घालून फेस क्रीम बनवते. "केमिकल-फ्री" म्हणून विकते, मागणी चांगली आहे. परवा एकीनं डबी परत आणली, झाकणाच्या आतून काळे ठिपके होते. मी तर व्हिटॅमिन ई घातलं होतं. फ्रिजमध्ये ठेवा असं लेबलवर लिहिलं तर चालेल का?

उत्तर: काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती डबी ठेवून घेतलीस हे बरं केलंस, पण त्याच घाण्यातल्या बाकीच्या डब्याही परत मागवायला हव्यात. आता सांग, त्या दिवशी किती डब्या भरल्या आणि कुणाकुणाला दिल्या? आठवत नसेल, तर तुझी पहिली अडचण बुरशीच्या आधीची आहे. आजपासून प्रत्येक घाण्याला नंबर द्यायचा. वहीत तारीख, काय किती ग्रॅम घातलं (चमचा नाही, ग्रॅम), तेल कुठल्या बाटलीतलं, आणि डबी कुणाकडे गेली. प्रत्येक घाण्यातली एक डबी स्वतःकडे कपाटात. महिन्या-महिन्यानं उघडून बघायची, वास घ्यायचा.

आता बुरशीचं. जिथं पाणी, तिथं जंतू. गुलाबपाणी हे पाणीच, आणि कोरफडीच्या गरातही शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणी असतं. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, तेवढंच त्याचं काम. बुरशीला आणि बॅक्टेरियाला त्याचं काही सोयरसुतक नसतं. फ्रिजनं वाढ मंदावते, थांबत नाही. शिवाय तुझी क्लायंट डबी न्हाणीघराच्या फळीवरच ठेवणार आणि ओलं बोट घालणार, लेबलवर काहीही लिही. पाणी घातलेल्या क्रीमला प्रिझर्व्हेटिव्ह लागतोच, तोही क्रीमच्या पीएचला, म्हणजे आंबटपणाच्या मापाला, जुळणारा. सोडियम बेन्झोएट हे सौम्य म्हणून बऱ्याच जणी वापरतात, पण पीएच साडेपाचच्या वर गेला की ते जवळजवळ निकामी होतं. म्हणजे घातल्याचं समाधान तेवढं उरतं. आणि विक्रीला आणण्याआधी प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करून घ्यायची. त्यात क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात आणि २८ दिवस ते मरतात की वाढतात ते मोजतात.

हा खर्च आत्ता झेपत नसेल तर क्रीम बंद कर आणि बाम विक. मेण आणि तेल, पाण्याचा थेंब नाही. तिथं तुझ्या व्हिटॅमिन ईलाही खरं काम मिळेल. भांडी, डब्या, चमचे कोरडे ठणठणीत हवेत. मी स्वतः बामपासूनच सुरुवात केली, आणि माझा पहिला घाणा दगडासारखा घट्ट झाला होता, मेण जास्त पडलं होतं. तो अजून ठेवलाय.

"केमिकल-फ्री" हे शब्द लेबलवरून काढून टाक. पाणीही केमिकलच. ज्या गुलाबपाण्याचा तुला अभिमान आहे, त्यातलं जेरॅनिऑल हे वासाचं द्रव्य काही जणींच्या त्वचेला चालत नाही. आत काय आहे ते नावानिशी लिही, बस. अनिता रॉडिक यांनी १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला 'द बॉडी शॉप'चं पहिलं दुकान काढलं, तेव्हा पुरेशा बाटल्या घ्यायला पैसे नव्हते म्हणून गिऱ्हाइकांना रिकामी बाटली परत आणून भरून घ्यायला सांगितलं. भिंतींचा तो प्रसिद्ध हिरवा रंगसुद्धा ओलीचे डाग झाकायला दिलेला होता. अडचणीतून ओळख तयार होते ती अशी. डबीतली बुरशी मात्र कुठल्याच रंगानं झाकली जात नाही.

प्रश्न: सहा वर्षं माझ्याकडे नियमित येणाऱ्या क्लायंटला या वेळी हेअर कलरनंतर दुसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजल्या. तोच ब्रँड, तीच शेड. घरचे म्हणतात मी काहीतरी भेसळ केली. मी काय करू? माझी चूक आहे का?

उत्तर: आधी त्यांचं बघा, चूक कुणाची ते मागाहून. सूज पापण्यांवर आहे म्हणजे त्यांना डॉक्टरांकडे जायलाच हवं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास जड झाला तर क्षणभरही थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. जाताना डायचा खोका आणि आतला कागद सोबत द्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न "यात काय होतं?" हाच असतो.

सहा वर्षं तोच डाय चालला आणि आता उठला, यात भेसळ असायलाच हवी असं नाही. गडद रंगाच्या बहुतेक कायमस्वरूपी डायमध्ये पॅराफेनिलीनडायअमीन असतं, आपण त्याला पीपीडी म्हणतो. शरीर त्याच्याशी ओळख करून घ्यायला कधी कधी वर्षं लावतं, आणि एकदा वैर धरलं की सहसा सोडत नाही. ही ॲलर्जी लगेच उठत नाही. एक-दोन दिवस जातात, म्हणून क्लायंट आरशात बघून खूश होऊन घरी जाते आणि फोन दुसऱ्या दिवशी येतो. खोक्यावर "अमोनिया नाही" किंवा "हर्बल" लिहिलेलं असलं तरी आत पीपीडी असू शकतं. बारीक अक्षरातली यादी वाचा. त्याच्या जागी येणारे काही पदार्थ याच कुळातले असतात आणि पीपीडी न चालणाऱ्या काही जणींना तेही चालत नाहीत.

मला हे कसं कळलं ते सांगते. माझं अकरावं वर्ष चालू होतं. शनिवारी सकाळी फोन आला, "ताई, माझा डावा डोळा उघडत नाहीये." आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. आदल्या दुपारी मी तिला गडद तपकिरी डाय लावला होता. दवाखान्याच्या बाकावर मी तिच्या शेजारी बसले. चेहरा इतका सुजला होता की कानातली डूलं न बघता मी तिला ओळखलं नसतं. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी असं काही झालं होतं?" ती म्हणाली, "हो, सुट्टीत दंडावर काळ्या मेंदीचं चित्र काढलं होतं, फोड आले होते. मी तुमच्याकडच्या मुलीला सांगितलं होतं की, डोकं धुताना."

सांगितलं होतं. माझ्या हाताखालच्या मुलीनं ऐकलं होतं, "अरेरे" म्हटलं होतं, आणि टॉवेल गुंडाळला होता. पटकन चढणाऱ्या त्या काळ्या मेंदीत बहुतेक वेळा हेच पीपीडी मिसळलेलं असतं, आणि दंडावर फोड येऊन गेलेल्या बाईच्या डोक्याला तो डाय लावायचाच नसतो, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण माझ्यापर्यंत ते आलंच नाही, कारण आमच्याकडे लिहायची जागाच नव्हती. आणि खोका? खोका मी शुक्रवारीच कचऱ्यात टाकला होता.

सोमवारी मी बुटांच्या रिकाम्या खोक्यात कार्डं ठेवायला सुरुवात केली. एका क्लायंटचं एक कार्ड. नाव, तारीख, काय लावलं, कुठली शेड, किती मिनिटं, आणि लाल शाईत त्वचेबद्दल तिनं जे जे सांगितलं ते. नियम एकच: ऐकेल तिनं लिहायचं, मग ती झाडू मारणारी मुलगी का असेना. आज ती कार्डं संगणकात आहेत, पण लाल रंग तोच आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलते. पॅच टेस्ट केली होती का? कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा डाय, कंपनीच्या कागदात सांगितल्याप्रमाणे, आणि ४८ तास वाट. दर वेळी, जुन्या क्लायंटलाही. तुम्ही म्हणाल, कुणाला वेळ आहे दोन दिवस आधी यायला. निम्म्या जणी कुरकुर करतात, काही दुसरीकडे जातात. जाऊ दे. केली नसेल तर हो, तेवढी चूक तुमची आहे, आणि तेवढीच कबूल करा. "तुमची त्वचाच नाजूक" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या सेवेचे पैसे परत द्या, एकदा सोबत दवाखान्यात जा, घडलं ते तारखेनिशी लिहून ठेवा. आणि त्यांच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा की यापुढे हा डाय नाही. त्यांनी स्वतः आग्रह धरला तरी नाही. त्या धरतील, तीन महिन्यांनी पांढरे केस दिसायला लागले की.

प्रश्न: हत्यारं अल्ट्राव्हायोलेट पेटीत ठेवली की निर्जंतुक होतात ना?

उत्तर: नाही. त्या निळ्या दिव्याचा प्रकाश जिथं पडतो तिथंच काम करतो, चिमट्याच्या फटीत पोचत नाही. आधी साबणानं ब्रश घेऊन घासायचं, मग औषधात बुडवायचं, तेही बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांपर्यंत. रक्ताशी संबंध येऊ शकतो अशी धातूची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या बंद यंत्रात, १२१ अंशांना, दाबाखाली, किमान पंधरा मिनिटं. पेटी स्वच्छ झालेलं ठेवायला चांगली आहे. क्लायंटला ती बघायला फार आवडते, हे खरं.

प्रश्न: माझ्या पत्नीचं चार वर्षांपासून ब्युटी सलून आहे. दिवसभर गर्दी, रात्री पाय सुजलेले, आणि महिनाअखेरीला हातात काही नाही. दर वाढव म्हटलं तर म्हणते, "सगळ्या ओळखीच्याच आहेत." मी नोकरदार माणूस, मला यातलं कळत नाही. तुम्ही समजावाल का?

उत्तर: पत्र तुम्ही लिहिलंत, त्यांनी नाही. पुढचं त्यांना लिहू द्या. तोवर तुम्हाला एक काम देते, नोकरदार माणसाला जमण्यासारखं.

दोन आठवडे त्यांच्या गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. प्रत्येक क्लायंट खुर्चीत कधी बसली आणि कधी उठली, एवढंच लिहायचं. सलून नऊ तास उघडं असेल तर ती झाली ५४० मिनिटं. पण क्लायंट प्रत्यक्ष हाताखाली असलेली मिनिटं मोजलीत तर ती ३०० ते ३२०च्या आसपास भरतील, माझी तरी तेवढीच भरली होती. उरलेला वेळ चादर बदलणं, मेण तापवणं, फोन, "पाच मिनिटांत येते" म्हणून चाळीस मिनिटांनी येणाऱ्या, आणि न येणाऱ्या. आता भाडं, वीज, मुलींचे पगार, हप्ता, यंत्रांची झीज हे सगळं एका दिवसाचं काढा आणि ३१०नं भागा. बायका ५४०नं भागतात. मीही भागायचे. त्यानं दर निघतो तो खऱ्या खर्चाच्या ५७ टक्के. म्हणजे पत्नी अर्ध्याहून थोड्या जास्त पैशात पूर्ण दिवस राबतात, आणि गर्दी जितकी जास्त तितक्या दमतात, एवढंच होतं.

त्या बेरजेत एक आकडा तुम्ही नक्की विसरला असाल. पत्नीचा पगार. याच कामासाठी दुसरीला ठेवलं असतं तर जो द्यावा लागला असता, तो. तो खर्च म्हणून आधी धरायचा. नफा त्याच्या नंतर सुरू होतो. घरातल्या किराण्यासाठी गल्ल्यातून उचललेले पैसे हा पगार नसतो.

तासाभराचं फेशियल म्हणजे साठ मिनिटं नाहीत. आधीचं-नंतरचं आवरणं धरून ती पंचाहत्तर आहेत, वेळही तेवढा द्यायचा आणि दरही तेवढ्याचाच. राहिल्या ओळखीच्या. त्यांना सवलत खुशाल द्या, पण बिलावर आधी पूर्ण रक्कम, खाली सवलत, मग उरलेली रक्कम, अशा तीन ओळी दिसू द्या. माझ्या सख्ख्या नणंदेनं पहिल्यांदा ते बिल पाहिलं आणि म्हणाली, "एवढं होतं होय?" पुढच्या वेळी तिनं पूर्ण पैसे ठेवले. सगळ्या तशा नसतात. एक मावशी बिल बघून आजवर परत आलेल्या नाहीत.

प्रश्न: मी शिकवून तयार केलेल्या मुलीनं चार वर्षांनी नोकरी सोडून दोन रस्ते पलीकडे स्वतःचं पार्लर उघडलं. चाळीस क्लायंट घेऊन गेली. विश्वासघात झाला असं वाटतं. तिच्यावर काही करता येईल का?

उत्तर: वाटणारच. पण तू स्वतः कुठं शिकलीस? मी ज्या बाईंकडे शिकले, त्यांना मी सोडून आले त्या दिवशी त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. का ते आज कळतं.

या धंद्याचा इतिहास बघितलास तर असंच दिसेल. सारा ब्रीडलव्ह नावाची १८६७ साली अमेरिकेत जन्मलेली कृष्णवर्णीय बाई, लोकांचे कपडे धुऊन मुलगी वाढवत होती. ॲनी मेलोन यांच्या केसांच्या औषधांची एजंट म्हणून ती दारोदार फिरली, मग स्वतःचं औषध काढलं आणि मॅडम सी. जे. वॉकर झाली. १९१० मध्ये इंडियानापोलिसला तिनं बस्तान बसवून कारखाना उभा केला. मेलोनबाई बुडाल्या का? नाही. १९१८ मध्ये त्यांनी सेंट लुईसला पोरो कॉलेज उघडलं आणि बायकांना हेच शिकवत राहिल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये प्रसाधनांच्या धंद्यातल्या दोन प्रतिस्पर्धी बायका बघ: एलिझाबेथ आर्डेन यांनी हेलेना रुबिनस्टाइन यांची माणसं फोडली, तर रुबिनस्टाइन यांनी आर्डेनच्या घटस्फोटित नवऱ्यालाच कामावर ठेवलं. तुझ्याकडची मुलगी दोन रस्ते पलीकडेच गेली, त्या मानानं सोज्वळ आहे.

चाळीस हा आकडा कुठून आला? वहीत मोजलास की रागात? माझ्याकडची गेली तेव्हा मीही तीस-पस्तीस म्हणत होते. कार्डं काढून बसले तर अकरा निघाल्या, आणि त्यातल्या चार वर्षभरात परत आल्या. करारात काही लिहून घेतलं असशील तर वकिलाला दाखव. नसेल तर भांडणात हंगाम घालवू नकोस, आणि उरलेल्या क्लायंटसमोर तिचं नावही वाईट काढू नकोस, त्या तिच्याकडे जातातही आणि तुझ्याकडे येतातही.

क्लायंट पाटी बघून येत नाही, हातासाठी येते. म्हणून एका क्लायंटला एकाच मुलीची सवय लावायची नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात बदलायचा, आणि कार्ड असं हवं की दुसरीला ते वाचून तसंच काम करता यावं. आणि चार वर्षं झालेल्या मुलीला कामातला वाटा द्यायचा. नुसता पगार वाढवून ती थांबत नाही. तिला आपलं म्हणायला काहीतरी हवं असतं, तुला हवं होतं तसंच.

प्रश्न: माल देणारा एक जण लेबल नसलेलं गोरेपणाचं क्रीम देतो. खरंच आठ दिवसांत फरक पडतो. क्लायंट वेड्यासारख्या मागतात. वापरू का?

उत्तर: नाही, आणि उरलेलं असेल तर कुणाला देऊही नका. आठ दिवसांत रंग उजळवणाऱ्या बेनामी क्रीममध्ये बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड किंवा पारा निघतो. पारा मूत्रपिंडावर जातो, आणि टॉवेल-उशीवरून घरातल्या लेकरांपर्यंत पोचतो. २०१३च्या मिनामाता करारात देशांनी पारा घातलेली प्रसाधनं बंद करायचं ठरवलं ते उगाच नाही. स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात. आणि क्रीम सोडलं की चेहरा पेटतो. म्हणून क्लायंट धावत परत येते, आणि मालकिणीला वाटतं क्लायंट खूश आहे.

ज्यांनी लावलंय त्यांना एकदम बंद करा असंही तुम्ही सांगू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. बाकीच्यांना सनस्क्रीन विका. एसपीएफ ३० उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० अडवतं ९८. फरक एका टक्क्याचा, म्हणून आकड्यापेक्षा किती लावता ते महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून.

प्रश्न: एक गुंतवणूकदार माझ्या तीन शाखांमध्ये पैसे घालायला तयार आहेत, पण ५१ टक्के हिस्सा मागतात. नाव बदलून "वेलनेस सेंटर" करायचं, डिटॉक्स मसाज आणि वजन उतरवणारे बॉडी रॅप सुरू करायचे असं त्यांचं म्हणणं आहे. मोह होतोय.

उत्तर: मोह होऊ दे, सही होऊ देऊ नका. ५१ टक्के दिल्यावर तुम्ही तुमच्याच सलूनमधल्या मॅनेजर. त्यांचा पहिला बेतच बॉडी रॅपचा आहे. गुंडाळून घाम काढला की वजनकाट्यावर फरक दिसतो तो पाण्याचा. दोन ग्लास पाणी प्यायली की संपला. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, मसाज करत नाही. मसाजनं अंग सैल होतं, झोप चांगली लागते, तासभर फोन वाजत नाही. हे विकायला पुरेसं आहे हो, त्यावर खोटं कशाला चढवायचं? उलट मसाज द्यायचा असेल तर आधी प्रश्नांचा कागद करा: ताप आहे का, एका पायाची पोटरी सुजून दुखतेय का, पोटात बाळ आहे का, कुठले उपचार चालू आहेत. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गाठ असू शकते आणि तिथं हात लावायचा नसतो. गुंतवणूकदारांना हा कागद दाखवा. चेहरा कसा होतो बघा, निम्मा निर्णय तिथंच होईल.

हेलेना रुबिनस्टाइन यांनी १९२८ मध्ये आपला अमेरिकेतला धंदा लेहमन ब्रदर्स या बँकेला ७३ लाख डॉलरला विकला. नव्या मालकांनी उंची माल स्वस्तात खपवायला घेतला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि बाईंनी तोच धंदा १५ लाखांच्या आत परत घेतला. तुमच्यामाझ्या नशिबी असा बाजार कोसळेल आणि त्या वेळी हातात रोकड असेल, यावर मी तरी बेत आखणार नाही.

पैसे लागतातच असं असेल तर एका शाखेपुरते घ्या, हिस्सा निम्म्याच्या खाली, आणि "कुठल्या सेवा चालू करायच्या हे मी ठरवणार" हे वाक्य करारात शब्दशः.

प्रश्न: वय एकोणपन्नास. बावीस वर्षं मसाज आणि वॅक्सिंग. उजवा अंगठा आणि मनगट इतकं दुखतं की सकाळी बाटलीचं झाकण उघडत नाही. स्ट्रेटनिंग करताना हल्ली खोकला येतो, डोळे चुरचुरतात. मुलगी म्हणते, बंद कर. पण सगळं माझ्या हातावर आहे.

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण अंगठा माझाही तोच.

खोकल्याचं आधी. केस सरळ करायच्या बऱ्याच द्रवांत मिथिलीन ग्लायकॉल असतं आणि इस्त्रीची उष्णता लागली की त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, बाटलीवर "फॉर्मल्डिहाइड नाही" लिहिलेलं असलं तरी. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांमध्ये टाकलं. क्लायंट तो वायू वर्षातून दोनदा हुंगते. तुम्ही रोज. कापडी मास्कनं तो अडत नाही. ती सेवा बंद करा. मी बंद केली तेव्हा दोन महिने गल्ला दिसत होता तसा दिसला नाही, मग सवय झाली.

मनगट डॉक्टरांना दाखवा, मलम चोळत बसू नका. मसाजचा पलंग इतक्या उंचीवर आणा की ताठ उभं राहून हात खाली सोडला आणि मूठ वळली तर ती गादीला टेकेल. मग जोर अंगठ्याचा न लागता अंगाच्या वजनाचा लागतो. दाब द्यायला कोपर आणि तळहाताची कड वापरायची सवय करा, पहिले पंधरा दिवस विचित्र वाटेल. दोन मसाजांच्या मध्ये काहीतरी वेगळं काम घ्या. आणि शिकवायला लागा, हातात बावीस वर्षं आहेत ती अशीच जाऊ देऊ नका. मसाजला एक मुलगी तयार झाली की अर्धा दिवस तुम्ही क्लायंटशी बोलणं, कार्डं बघणं, हिशोब यात घालू शकता, आणि बंद करायचं का हा प्रश्न मग वर्षभरानं परत विचारा.

तोवर अपॉइंटमेंटच्या वहीत मंगळवारी दुपारी दोन ते चार या रकान्यात स्वतःचं नाव लिहा. शाईनं. कुणी त्या वेळेला मागितलं तर मुलीनं वही उघडून दाखवायची आणि म्हणायचं, "त्या वेळी एक मॅडम आहेत."